पित्ताशयाची भिंत ११ मिलिमीटर निघाली तर

उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढल्यावर मिलिमीटर म्हणजे काय हे कुणी सांगावं लागत नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि भिंत ११ मिलिमीटर. चांगली भिंत ३ पर्यंत असते म्हटल्यावर मी गप्पच झालो. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात दोन शक्यता: कॅन्सर, नाहीतर झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस, म्हणजे कॅन्सर नसलेली पित्ताशयाची जुनाट सूज. दुसरं नाव घरात कुणाला धड वाचता येईना. आमची मंडळी अजून ‘ते पिवळं’च म्हणतात.

तसं ते चुकीचंही नाही. खड्यानं वाट अडली की पित्त पिशवीच्या भिंतीत झिरपतं. ते साफ करायला आलेल्या पेशी त्यातली चरबी खाऊन फुगतात आणि भिंतीत पिवळट गाठी धरतात. पुढं सगळा गोळा यकृताला, आतड्याला चिकटतो आणि हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो.

म्हणून पहिलं काम हे, की ‘खडेच आहेत, परवा काढू’ म्हणणाऱ्याकडं लगेच आडवं पडू नका. मी पडणार होतो, पोरीनं अडवलं. फिल्म, सीडी, सगळं घेऊन यकृत-पित्ताच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनला दाखवा. सीए १९-९ ही कॅन्सरचा अंदाज घ्यायची रक्ताची तपासणी वाढलेली आली तरी हाय खाऊ नका, नुसत्या सुजेनंही ती वाढते. नॉर्मल आली म्हणून पेढेही वाटू नका.

सरकारी आरोग्य योजनेतून करायचं असेल तर ऑपरेशन ठरल्याबरोबर रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. मंजुरी आधी लागते.

आता सर्जनला काय विचारायचं ते. दुर्बिणीतून सुरू करून पोट उघडायची वेळ आली तर? या आजारात ती बऱ्याचदा येते, तेव्हा संमती दोन्हींची द्या. ‘चार भोकांतच करा’ म्हणून मी हटून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, “मामा, पित्ताची मुख्य नळी कुठली हेच दिसलं नाही, तर कापू काय?” पटलं. मार्किंग दिसत नसताना जॉबला टूल कोण लावतो? तीच नळी वाचवायला कधीकधी पिशवीचा नळीजवळचा थोडा भाग आत ठेवून बाकीची काढतात. ऑपरेशन अर्धवट झालं म्हणून नंतर भांडू नका, आधीच समजून घ्या.

दुसरं, फ्रोझन सेक्शन होणार का? म्हणजे तुम्ही टेबलावर असतानाच तुकडा पॅथॉलॉजिस्टकडं जातो आणि साधारण अर्ध्या तासात निरोप येतो. कॅन्सर निघाला तर यकृताचा थोडा भाग आणि आसपासच्या लसीका गाठीही काढतात. निव्वळ सूज असेल तर एवढी कापाकापी टळते. त्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट हजर असेल ना, हे तोंडावर विचारा. लाजायचं काय त्यात?

माझं शेवटी पोट उघडावंच लागलं. उजव्या बरगडीखाली तिरका टाका आहे. खोकताना त्यावर उशी दाबून धरा, मोठा आराम पडतो.

पोटातून ड्रेनची नळी येते. रोज किती मिली आलं आणि रंग कसला, वहीत लिहा. पोरगी लिहायची, वेळेसकट. लालसर पाणी हळूहळू फिकं होत जायला हवं. हिरवं-पिवळं पित्त दिसलं, ताप आला, डोळे पिवळे झाले तर सकाळ होईपर्यंत थांबू नका. पित्त गळत असेल तर एंडोस्कोपीनं नळीत स्टेंट घालून बहुतेकदा थांबवता येतं.

तांबड्या रश्श्याचं मी तिसऱ्याच दिवशी विचारलं. डॉक्टरांनी नुसतं बघितलं. तेलकट हळूहळू वाढवायचं, इतकंच.

आणि बायोप्सीचा रिपोर्ट. दुखणं थांबलं की माणूस तो आणायला जात नाही. फ्रोझन चांगलं आलं तरी पक्का निकाल हाच, कारण एकाच पिशवीत हा आजार आणि कॅन्सर दोन्ही असू शकतात. मी स्वतः जाऊन आणला आणि लॅबच्या पायरीवर बसूनच पोरीकडून वाचून घेतला. ‘ते पिवळं’च होतं.