छावणीतून आलेली जुनी पत्रे: कशी उघडावी, कशी वाचावी

घरातले कोणी दुसऱ्या महायुद्धात बेळगावच्या छावणीत रंगरूट होते आणि त्यांची पत्रे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून असतील, तर ती पावसाळ्यात उघडू नका. जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेत कागद ओल धरतो, घड्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवायला गेले की अक्षरासकट सुटून येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. दव सुकल्यावर, पंखा बंद करून, हात धुऊन पूर्ण कोरडे करून बसा.

चिकटलेल्या घडीला ओला बोळा किंवा वाफ लावू नका. त्या काळी पुष्कळ पत्रे कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली असत. अक्षर दिसते साध्या शिशाचे, करडे. पण पाण्याचा थेंब लागला की जांभळे होऊन फुटते. मग ती ओळ गेलीच. असे पत्र बटर पेपरवर दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत राहू द्या, नंतर बोथट, पातळ सुरीने कडेपासून हळूहळू सोडवा. तरीही निघाले नाही तर तसेच ठेवा. गंजलेली टाचणी ओढू नका. कागद आणि टाचणी यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून मग काढा. फाटलेल्या जागी सेलोटेप नको, त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन तर कधीच नको.

सर्वांत मोठे नुकसान होते ते पाकीट फेकल्याने किंवा तिकिटासाठी कापल्याने. पत्राचा निम्मा भाग ‘पत्रास कारण की’ आणि ‘इकडील सर्व क्षेम’ यातच जातो, तारीख पुष्कळदा नसते. ती मिळते टपालाच्या शिक्क्यावर. शिक्का बेळगावचा असेल तर पत्र बहुधा प्रशिक्षणातले. गावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा (फौजेबरोबर फिरणाऱ्या टपाल कचेरीचा) नंबर आणि सेन्सॉरचा शिक्का असेल तर माणूस बहुधा पलटणीबरोबर बाहेर पडला होता. म्हणून पत्र आणि पाकीट एकाच क्रमांकाखाली ठेवा.

पत्त्यातला अपूर्णांक नीट वाचा. १९२२ ते १९४५ या काळात बेळगावच्या मराठा रेजिमेंटचे नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्री होते. ३/५ म्हणजे तिची तिसरी पलटण. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे याच पलटणीचे, नामदेव जाधव १/५ चे. १०/५ ही बेळगावची प्रशिक्षण पलटण. कोणी ती दहा मे ही तारीख समजून लावले, की सगळा क्रमच चुकतो.

मजकुरात छावणीचे शब्द येतील. चांदमारी म्हणजे गोळीबाराचा सराव, कोत म्हणजे हत्यारे ठेवायची खोली, फटीग म्हणजे झाडलोट, गवत कापणे अशी अंगमेहनत, उस्ताद म्हणजे शिकवणारा, लंगर म्हणजे जेवणाची जागा. रोमन लिपीतली हिंदुस्तानी दिसली तर गोंधळू नका, फौजेत तीच शिकवत. मोडी असेल तर अंदाजाने अर्थ लावू नका. मोडी वाचणाऱ्याकडे छायाप्रत न्या, मूळ नव्हे.

स्कॅन दोन्ही बाजूंचे करा: पत्रे ३०० डीपीआय, फोटो ६००. कॅमेऱ्याने काढायचे झाले तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. मग प्रत्येक पत्र आम्लविरहित कागदात ठेवून पेटी भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी पट्ट्यांवर ठेवा, म्हणजे वाळवी आणि ओल लगेच दिसते. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्याआधी बदला.

सैनिक परत आला नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी व नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) यादीत शोधा. तिच्यात ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू आहेत आणि पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव व गाव असते. फक्त गाव ‘पेडणे’ किंवा ‘डिचोली’ म्हणून शोधून थांबू नका. ‘परनेम’ (Pernem), ‘बिचोलिम’ (Bicholim) अशी पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगेही घालून पाहा.