हाय प्लेन्सचा टोपो नकाशा वाचताना या चुका टाळा

सह्याद्रीच्या टोपोशीटवर डोळे तयार झालेल्या माणसाला अमेरिकेतल्या हाय प्लेन्स या उंच मैदानाचं, म्हणजे पश्चिम कॅन्ससचं, शीट कोरंच वाटतं. उदाहरणार्थ वॅलेस काउंटी (तिथला जिल्हा): शेती, कुरणं, गुरांची रँचेस आणि विरळ कंटूर रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. ‘सगळं सपाटच आहे’ म्हणून आपण पुढे जातो. पण कॅन्ससमधली सर्वांत उंच जागा, 4,039 फुटांचा माउंट सनफ्लॉवर, याच काउंटीत आहे. नाव डोंगराचं, प्रत्यक्षात कुरणातला चढ. तो डोळ्यांना जाणवत नाही, रेषा मोजल्या की कळतो.

मोजताना एकक बघा. आपल्या 1:50,000 च्या शीटवर दोन रेषांत सहसा 20 मीटर उंचीचं अंतर असतं. तिकडच्या जुन्या 1:24,000 च्या शीटवर उंची फुटांत असते आणि सपाट भागात अंतर अनेकदा फक्त 10 फूट. म्हणजे तिथल्या साडेसहा रेषा मिळून आपली एक. समासातली सूची वाचल्याशिवाय चढउताराचा अंदाज बांधू नका.

आता सर्वांत फसवी खूण. शेताच्या मधोमध एक बंद वर्तुळ दिसतं आणि आपण टेकडी समजतो. भिंग लावून पाहा: रेषेला आतल्या बाजूने बारीक दाते असतील, तर तो खोलगट भाग आहे. या मैदानात असे उथळ खळगे पुष्कळ आहेत, त्यांना ‘प्लाया’ म्हणतात. एरवी कोरडे, मोठ्या पावसानंतर तळं. खालच्या ओगलाला जलसाठ्यात पाणी मुरतं ते बरंचसं यांच्यातूनच. तुटक निळी रेषा म्हणजेही बारमाही ओढा नव्हे. तिच्या भरवशावर गुरांच्या पाण्याचा हिशेब करू नका.

‘सेक्शन 12’ एवढंच सांगून जागा सापडत नाही. गावाचं नाव न घेता गट नंबर सांगण्यासारखंच ते. तिकडची जमीन टाउनशिप नावाच्या चौकोनांत मोजलेली आहे. दर टाउनशिपमध्ये 1 ते 36 सेक्शन असतात, प्रत्येक साधारण 640 एकरांचा. आकडे ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेकडे जातात आणि नांगर वळावा तसे खालच्या ओळीत उलटे परततात. म्हणून 1 च्या खाली 7 नाही, 12 येतो. टाउनशिप (उत्तर-दक्षिण क्रमांक) आणि रेंज (पूर्व-पश्चिम क्रमांक) दोन्ही लिहून घ्या.

जुन्या शीटवर पवनचक्क्या, विहिरीसुद्धा दाखवलेल्या असतात. 2009 पासूनच्या संगणकीय मालिकेत त्यातलं बरंच काही नाही, रस्ते मात्र ताजे आहेत. दोन्ही शेजारी ठेवा. जुन्या शीटवर ‘नॅड 27’ हे डेटम (स्थान मोजण्याचा आधार) छापलं असेल तर जीपीएसचं डेटमही तेच करा. नाहीतर यूटीएमचा (मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या जाळीचा) आकडा उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे 200 मीटर चुकतो आणि तुम्ही शेजाऱ्याच्या कुंपणात उभे राहता.