दप्तराची खरेदी तीन हप्त्यांत

मुंबईत राज्य मंडळाच्या शाळा 15 जूनच्या सुमारास उघडतात आणि पाऊसही तेव्हाच गाठतो. त्या आठवड्यात दादरला रानडे रोडवर पाय ठेवायला जागा नसते, भाव कमी होत नाही आणि नेमकी आपल्याच मापाची वस्तू संपलेली असते. म्हणून यादीचे तीन तुकडे करा: मे महिन्यातले, शाळा उघडल्यानंतरचे आणि गणपतीनंतरचे.

आधी घरातले सगळे बाहेर काढा. दप्तराची चेन बिघडली म्हणून दप्तर टाकू नका. चेनचे दात शाबूत असतील तर बहुधा फक्त रनर सैल झालेला असतो, तो बदलून मिळतो. पट्टा जिथे शिवलेला असतो तिथे तो आधी उसवतो. आत्ताच नायलॉन दोऱ्याची दुहेरी टीप मारून घ्या.

अर्ध्या वापरलेल्या वह्यांची कोरी पाने ओढून काढायची चूक सगळेच करतात. मधोमध पिन मारलेल्या वहीत पुढचे आणि मागचे पान एकाच कागदाचे असते, त्यामुळे मागचे ओढले की पुढचे लिहिलेले पान सुटते आणि उरलेल्या वहीचा चोथा होतो. स्टीलची पट्टी ठेवून, पिनेपासून अर्धा इंच सोडून कटरने कापा. साठ-सत्तर पाने जमली की दोन भोके पाडून फायलीची नाडी ओवा. कच्च्या कामाला एवढी वही पुरते. स्पायरल बाइंडिंगला दिलेल्या पैशांत कधी कधी नवी वहीच येते.

वह्या मे महिन्यात, डझनाने. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक भाव मिळतो; रविवारी बहुतेक दुकाने बंद, तेव्हा आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जा. 172 पानी साध्या वह्यांचा डझन अडीच किलोच्या आसपास भरतो. चार डझन घेऊन टॅक्सी केली की वाचलेले पैसे तिच्यातच गेले, म्हणून सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून दोघांना पाठवावे. छापील पानसंख्येत कव्हर धरले आहे का, ते पाहा. दुकानातच जेल पेनने एक ओळ लिहून पान उलटा. शाई मागे उमटत असेल तर मूल एकाच बाजूला लिहील आणि स्वस्त वही दुप्पट महाग पडेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, क्रेयॉन यांवरचा जीएसटी शून्य आहे. जुना छापील भाव दाखवला तर विचारायला लाजू नका.

एकेरी, दुहेरी, चाररेघी की चौकटीची, हे मात्र बाईंनी सांगेपर्यंत थांबा. मे महिन्यात फक्त एकेरी घ्या, ती कुठेही खपते. लाँगबुक, चित्रकलेची वही, रंग हे सगळे शाळा उघडल्यावर. कंपासपेटीतला कोनमापक हरवला तर तो सुटा मिळतो, अख्खी पेटी कशाला?

बालभारतीची जुनी पुस्तके घेताना सांभाळा: 2025-26 पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला आणि पुढच्या इयत्तांचाही टप्प्याटप्प्याने बदलणार आहे. मोठ्या बहिणीचे पुस्तक धाकट्याला चालेल का, ते ई-बालभारतीवरच्या पीडीएफशी पहिले पान ताडून ठरवा. पालिकेच्या शाळेत असाल तर गणवेश, बूट, दप्तर धरून 27 वस्तू शाळेतूनच मिळतात. त्या हातात पडेपर्यंत जुन्यावर भागवा.

गणवेश उलटा करून आतला दाब, म्हणजे शिवणीत सोडलेले जादा कापड, पाहा. पँटीला खाली दोन इंच मुडप आणि कमरेला मागे इंचभर दाब असेल तर सहसा दोन वर्षे निघतात. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून धुतल्यावरच मुडप पक्की करा. शर्ट मोठा घेऊन उपयोग नाही, तो मापापेक्षा आधी कॉलरला झिजतो.

काळे चामडी बूट जूनमध्ये घेऊच नका. रोज भिजून टाच सुटते, आत बुरशी धरते आणि दिवाळीपर्यंत पाय वाढलेला असतो. शाळा चालवून घेत असेल तर पावसाळाभर प्लास्टिकचे सँडल, आणि बूट गणपतीनंतर. शाळेत बुटांचाच आग्रह असेल तर गेल्या वर्षीचे भिजू द्या. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली आडवे ठेवा आणि झोपण्यापूर्वी एकदा बोळे बदला.