मॉड लावलेल्या ‘स्कायरिम’साठी संगणक निवडताना

दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ‘स्कायरिम’ या गेमला आपल्याला कोणते मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेले बदल, लावायचे आहेत, याची यादी तयार असावी. चार-पाचशे मॉड चढवल्यावर गेमसोबत छापलेल्या किमान अपेक्षांना काही अर्थ उरत नाही, आणि कोल्हापुरात शाहूपुरी-राजारामपुरीत ‘गेमिंग पीसी’ म्हणून पुढे केले जाणारे तयार संच बहुधा मूळ गेमचाच विचार करून जुळवलेले असतात. येथील विवेचन २०१६ च्या स्पेशल एडिशनसाठी आहे. २०११ ची मूळ आवृत्ती ३२ बिटची असल्याने ती ४ जीबीपलीकडे मेमरी वापरूच शकत नाही.

खर्चाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा आणि कार्डाच्या वेगाआधी त्याची व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, पाहावी. ४के टेक्स्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेले चित्र, रुंदीला आणि उंचीला ४०९६ पिक्सेल असते. बीसी७ पद्धतीने ते आकसले, तरी दर पिक्सेलला एक बाइट लागतो, म्हणजे १६ एमबी. दूरच्या दृश्यांसाठीच्या लहान प्रती धरल्या की हाच आकडा २१ एमबीवर जातो. तेच टेक्स्चर २के असेल, तर सव्वापाच एमबीत भागते. एका दगडी भिंतीला रंगाचे एक आणि खाचखळग्यांचे एक, अशी निदान दोन टेक्स्चर लागतात, हे लक्षात घेतले तर ८ जीबी किती लवकर भरते ते कळेल. व्हीरॅम संपली की माहिती मुख्य रॅममधून ये-जा करू लागते आणि गेम अडखळतो. म्हणूनच ८ जीबीचे आरटीएक्स ४०६० नवे व वेगवान असले, तरी या कामासाठी मी १२ जीबीचे जुने ३०६० पसंत करेन. मात्र ३०६० ची ८ जीबीची आवृत्तीही निघालेली असल्याने खोक्यावरील आकडा स्वतः वाचावा. ईएनबी (प्रकाश-छायेचे परिणाम वाढवणारे साधन) वापरायचे असेल, तर १६ जीबीच्या कार्डाकडे पाहावे. (टोपल्या-मडक्यांना ४के टेक्स्चर लावण्याची हौस मात्र आवरावी.)

प्रोसेसर घेताना कोअरची संख्या मोजत बसू नये. गेममधल्या गर्दीच्या शहरात फ्रेम घसरतात, त्या प्रामुख्याने एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, पडणाऱ्या ड्रॉ कॉलच्या (वस्तू चितारण्यासाठी कार्डाला दिलेल्या आदेशांच्या) बोजामुळे, आणि तेथे महागडे कार्डही उपयोगी पडत नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी किंवा ७८००एक्स३डी यांचा ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधील जलद मेमरी) अशा वेळी कामाला येतो.

रॅम ३२ जीबी, तीही १६-१६ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. विंडोजची पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यास डिस्कवर वापरली जाणारी जागा) बंद करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. मॉडच्या मूळ फाइली आणि उलगडलेल्या प्रती अशी दुहेरी जागा लागत असल्याने एनव्हीएमई एसएसडी २ टीबीची असावी. मूळ फाइली साध्या हार्ड डिस्कवर ठेवल्या तरी चालतात.

वळवाचा पाऊस आला की आपल्याकडे वीज जाते, हे गृहीत धरूनच यूपीएस निवडावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो, आणि कार्ड, प्रोसेसर व मॉनिटर मिळून भर गेममध्ये तेवढी वीज सहज ओढतात. म्हणून व्हीएचा नव्हे, तर वॉटचा आकडा विचारावा. उद्यमनगरासारख्या कारखान्यांच्या परिसरात घर असेल, तर समोर जाळी आणि धुता येणारा फिल्टर असलेली कॅबिनेट घ्यावी. बिलावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण वॉरंटीच्या वेळी पहिली विचारणा त्याचीच होते.