झेंडे बदललेल्या फ्रिगेटचा सेवा-इतिहास कसा जुळवावा

ज्या फ्रिगेटने (मध्यम आकाराच्या युद्धनौकेने) तीन देशांच्या नौदलांत काम केले, तिचा शोध नावावरून घेऊ नये. नाव, क्रमांक आणि झेंडा हे तिन्ही बदलतात, म्हणून बांधणीच्या गोदीपासून सुरुवात करावी. थायलंडची ‘प्रासे’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. लॉस एंजेलिसच्या विल्मिंग्टन भागात कन्सॉलिडेटेड स्टीलने बांधलेल्या या नौकेचे जलावतरण सप्टेंबर १९४३ मध्ये झाले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये ती ‘गॅलप’ या नावाने अमेरिकी नौदलात दाखल झाली. तिचा क्रमांक पीएफ-४७ (पीएफ म्हणजे गस्ती फ्रिगेट) असला, तरी मूळ मंजुरी पीजी-१५५ (पीजी म्हणजे गस्ती गनबोट) या क्रमांकाने मिळाली होती, त्यामुळे जुन्या कागदांत दोन्ही क्रमांक शोधावे लागतात.

पुढे प्रत्येक हस्तांतराचे स्वरूप नोंदवावे. ऑगस्ट १९४५ मध्ये अलास्कातील कोल्ड बे येथे ती सोव्हिएत नौदलाकडे गेली आणि ईके-२२ झाली. पण ही विक्री नव्हती, लेंड-लीज या, मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री पुरवण्याच्या अमेरिकी योजनेखालील उसनवारी होती. म्हणूनच १९४९ मध्ये ती जपानमधील योकोसुका येथे अमेरिकेला परत मिळाली. परतीची तारीख हीच पुन्हा दाखल होण्याची तारीख समजणे ही नेहमीची चूक आहे. ‘गॅलप’ ऑक्टोबर १९५० मध्ये, कोरियन युद्ध पेटल्यावर, पुन्हा सेवेत आली. मधला काळ अंदाजाने भरू नये, तिथे ‘सेवेबाहेर’ एवढेच लिहावे.

ऑक्टोबर १९५१ मध्ये ती थायलंडला मिळून ‘प्रासे’ झाली, आणि खरी गफलत इथेच होते, कारण ‘प्रासे’ नावाची आणखी एक नौका आधीच होऊन गेली होती. ब्रिटिशांची ‘बेटनी’ ही कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान युद्धनौका) १९४५ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत ‘सिंध’ झाली, १९४७ मध्ये थायलंडकडे जाऊन ‘प्रासे’ झाली आणि जानेवारी १९५१ मध्ये कोरियाच्या किनाऱ्यावर रुतल्यावर तोफांनी नष्ट करण्यात आली. त्याच हिवाळ्यात ‘गॅलप’ही कोरियाच्या पाण्यात होती, मात्र अमेरिकी झेंड्याखाली. दोघींची टिपणे एकत्र मिसळली, तर नष्ट झालेली नौका नऊ महिन्यांनी सेवेत दाखल होते! त्यामुळे टिपणाच्या शीर्षस्थानी गोदी आणि बांधणीचे वर्ष लिहावे, आणि त्याखाली नावे, त्या-त्या झेंड्यासह व वर्षांसह, ओळीने मांडावीत.

नौकेचा शेवटही तपासावा: दुसरी ‘प्रासे’ भंगारात न जाता रायोंग प्रांतात, ज्या प्रासे नदीवरून तिचे नाव पडले त्या नदीच्या मुखाजवळ, जतन करून ठेवली आहे.