मोरीतल्या पिंपाचा बुळबुळीत थर: आधी सोडवा, मग घासा, ब्लीच शेवटी

पिंपाच्या आतून बोट फिरवलं की लागतो तो बुळबुळीतपणा म्हणजे जिवाणूंची वसाहत. स्वतः सोडलेल्या साखरी आणि प्रथिनांच्या चिकट पदार्थात ते रुतून बसतात. मुंबईत नळाला पाणी ठरावीक तासच, त्यामुळे पिंप भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी क्लोरीन मिसळून येतं खरं, पण साठवणीत तो क्लोरीन उडून जातो आणि थर धरायला लागतो.

बरेच जण थेट ब्लीच ओततात. ते वरच्याच चिकट पदार्थाशी झुंजत संपतं, तळचे जिवाणू शाबूत राहतात.

२०० लिटरच्या प्लास्टिक पिंपासाठी: पाणी काढलं की लगेच कामाला लागा, थर वाळला की भिंतीला घट्ट धरतो. ५ लिटर कोमट-गरम पाण्यात (हाताला सोसेल इतकं) ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. खायचा सोडा इथे पुरा पडत नाही. हातमोजे घाला. जुनी सुती फडकी त्यात बुडवून आतल्या भिंतीवर चिकटवा, अर्धा तास ओली ठेवा. सोड्याने थर फुगतो आणि त्याची पकड सैल होते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा लावू नका.

आता नायलॉनच्या ब्रशने वरून खाली घासा. तारेची घासणी नको, तिच्या ओरखड्यांत नवा थर लपतो. सगळ्यात जास्त वेळ पाण्याच्या रेषेवर, झाकणाच्या आतल्या कडेवर आणि नळाच्या आट्यांत द्या. तिथे जुना टूथब्रश लागतो. डेंग्यूच्या डासाची अंडीही त्याच रेषेवर चिकटतात आणि पिंप नुसतं वाळवून मरत नाहीत, म्हणून पाण्याची भांडी रिकामी करून वाळवायच्या ‘कोरड्या दिवशी’ही घासणं टाळू नये. सोडा स्वतःच बुळबुळीत असतो, तेव्हा दोनदा खंगाळल्यावरच बोटाने तपासा. अजून निसटतंय? सोड्याची फडकी पुन्हा लावा.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने पांढरा क्षार बसला असेल तर लिटरला २० ग्रॅम लिंबूसत्त्व, २० मिनिटं. क्षारातलं कॅल्शियम त्या चिकट पदार्थाला बांधून ठेवतं. यानंतर खूप खंगाळा: आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि मोरी बंदिस्त असते. खिडकी उघडी हवीच.

शेवटी २० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं ब्लीच ८० मिली. मगाने भिंतींवर ओतत अर्धा तास सगळं ओलं ठेवा, नळातूनही थोडं सोडा, मग दोनदा खंगाळा. बाटलीवरची तारीख पाहून घ्या. जुनं ब्लीच कमजोर होतं, उन्हात ठेवलेलं तर लवकरच. उरलेल्या द्रावणाने मोरीची फरशी पुसता येते, मात्र त्या दिवशी तिथे संडासाचा ॲसिड क्लीनर वापरू नका.

शिल्लक पाण्यावर रोज नवं भरत राहिलात तर थर लवकर परततो. आठवड्यातून एकदा पिंप तळापर्यंत रिकामं करून घासलं की सोड्याची गरज क्वचितच पडते.