संगीत मासिकाचं मुखपृष्ठ: वाड्यातला उजेड, तांब्याचा ताशा आणि 'लय'

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प होता: संगीताच्या मासिकाचं मुखपृष्ठ. नाव आपण ठरवायचं, फोटो आपण काढायचा, मांडणी आपली, छापूनही आपणच आणायचं, आणि तोंडी परीक्षेला प्रत्येक गोष्ट तशीच का केली ते सांगायचं. आता धाकट्या वर्गातली मुलं माझ्याकडे विचारायला येतात. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

बहुतेकजण कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, आधी ऐकायला जा. मी पंचवटीत राहते. गणपती दोन महिन्यांवर आले की संध्याकाळी सातनंतर कुठल्या ना कुठल्या पथकाचा सराव कानावर येतोच. नाशिक ढोलाचं नाव सगळ्या महाराष्ट्रात आहे, त्यामुळे मुखपृष्ठावर ढोलच, असं मी ठरवून टाकलं होतं. चार संध्याकाळी सरावाला नुसती जाऊन बसले, तेव्हा दिसलं की सगळे ढोलवाले बघतात ते ताशाकडे. ताशा तर्री घेतो, म्हणजे काड्या भराभर सलग वाजवतो, ठेका बदलतो, आणि मग चाळीस हात एकदम खाली येतात. आमच्या गल्लीतली एक ताई ताशा वाजवते. मुखपृष्ठावर तीच, हे चौथ्या संध्याकाळी पक्कं झालं.

तुमच्याजवळ पथक नसेल तर भजनी मंडळातले पखवाजवाले काका असतील, पेटी शिकवणाऱ्या बाई असतील, संबळ वाजवणारं गोंधळ्याचं घर असेल. नाशिकला या बाबतीत तोटा नाही. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर पुढे नाशिकला येऊन राहिले होते. माझ्या मुखपृष्ठावरच्या चार मथळ्यांपैकी एक त्यांच्यावर होता. माणूस ठरला की त्याच्याकडून फोटो वापरायची परवानगी कागदावर सही घेऊन ठेवा. अठराच्या आतला असेल तर आईवडिलांची सही. परीक्षेला हा कागद मागतात आणि तो नसला तर चांगलं कामही अडतं.

मग नाव. नाव छोटं ठेवा. मी 'लय' घेतलं, कारण दोन अक्षरं, वर मात्रा नाही, खाली उकार नाही, म्हणजे पानाच्या रुंदीभर मोठं करता येतं. पण त्या 'ल'नं मला दोन दिवस घेतले. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच देवनागरी फॉन्टांत 'ल' हिंदी वळणाचा येतो, उजवीकडे दांडी असलेला. आपला मराठी 'ल' पाकळीयुक्त, म्हणजे दोन पाकळ्यांसारखा, दांडी नसलेला, आणि 'श' देठयुक्त. मराठी वाचकाला कारण सांगता येत नाही, पण हिंदी 'ल' असलेलं मुखपृष्ठ त्याला परकं वाटतं. 'टिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये ही मराठी वळणं आहेत. मथळ्यांना मी तोच वापरला. नावासाठी मात्र बोरू घेतला, काळ्या शाईत 'लय' पन्नास-साठ वेळा लिहिलं, त्यातलं एक स्कॅन केलं आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केलं, म्हणजे त्याची बाह्यरेषा करून घेतली. बोरूचा काप तिरका असतो, त्यामुळे अक्षर जाड-बारीक होत जातं, आणि ताशाच्या काडीच्या फटक्याशी ते मला जवळचं वाटलं. अक्षर हातानं काढता येत असेल तर नावाला तयार फॉन्ट वापरू नका, एवढं मी आग्रहानं सांगते.

नाव ठरवताना आपल्याकडची जुनी मुखपृष्ठं बघा. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगांवकर यांनी रंगवलेले दिवाळी अंक घरी, ओळखीच्यांकडे, रद्दीत कुठेही मिळतील. आपल्या शहरातलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. तिथे बसून एक दुपार नुसते अंक चाळा. चेहरा किती मोठा, नाव कुठे, रिकामी जागा किती, हे वहीत मोजून लिहा. संगीताच्या मासिकात चेहरा बहुतेक वेळा सरळ आपल्याकडे बघत असतो, हे तुमच्याही लक्षात येईल.

आता माप. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापून टाकायची जादा कड, धरलं की २१६ बाय ३०३. तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, याचे २५५१ बाय ३५७९ पिक्सेल होतात. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो साधारण ३०२४ बाय ४०३२ असतो, म्हणजे तो पुरतो, पण नंतर कापाकापी करायला फारशी जागा उरत नाही. म्हणून फोटो काढतानाच मुखपृष्ठ डोळ्यांसमोर हवं. वरचा पाव भाग नावाला रिकामा ठेवा आणि एका बाजूला मथळ्यांसाठी साधी, शांत जागा ठेवा.

हे डोळ्यांसमोर ठेवायची एक साधी युक्ती आहे. पुस्तकाच्या कव्हराचं पारदर्शक प्लास्टिक कॅमेऱ्याच्या पडद्याच्या मापाचं कापा, त्यावर मार्करनं नावाची पट्टी, मथळ्यांचे चौकोन, खाली कोपऱ्यात बारकोड काढा आणि चिकटपट्टीनं पडद्यावर लावा. मग फोटो घेताना ताईचं डोकं नावात किती घुसतंय ते तिथल्या तिथे दिसतं. थोडं घुसायला हरकत नाही, त्यानं खोली येते. पण डोकं खालून वर येतं आणि देवनागरी अक्षराची ओळख शिरोरेघेच्या खालीच असते. आपलं मासिक कुणाच्या ओळखीचं नाही. अक्षराचा पाव हिस्सा झाकला तर चालेल, त्यापुढे वाचणारा अडतो.

जागेबद्दल. सगळ्यांना आधी गोदाघाट सुचतो. मीही आधी तिथेच गेले. घाटाचा काळा दगड सुंदर आहे, पण कॅमेरा काळ्या दगडाला उजळ करायला बघतो आणि चेहरा पांढरा पडतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा आत घेतो तो उजेड, एक पायरी खाली आणावं लागतं. शिवाय रामकुंडावर लोक अस्थी विसर्जनाला आलेले असतात. त्यांच्या मागे-पुढे ताशा घेऊन उभं राहणं मला पटलं नाही. घाटावर जायचंच असेल तर कुंडापासून लांब, भल्या सकाळी जा, आणि अनोळखी माणूस चौकटीत येऊ देऊ नका.

शेवटी जुन्या नाशकातला एक वाडा मिळाला. वाड्याचा चौक हा आपल्या शहरातला सगळ्यात चांगला स्टुडिओ आहे, आणि त्याला भाडं पडत नाही. फक्त माणसाला चौकाच्या मधोमध उभं करू नका. उजेड डोक्यावरून येतो, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि तरुण चेहराही थकलेला दिसतो. त्याला ओसरीच्या कडेला, छपराखाली एक पाऊल आत, चौकाकडे तोंड करून उभं करा. आता आकाशाचा उजेड समोरून, मऊ होऊन येतो. मागची ओसरी अंधारात जाते आणि लाकडी खांब नुसता जाणवतो. सावलीच्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरावा लागतो, त्यासाठी एक मैत्रीण न्या. दुपारी अकराच्या सुमारास ऊन चौकात उतरायच्या आधी आमचं काम उरकलं होतं.

ताशानं मात्र परीक्षा घेतली. ताईचा ताशा तांब्याचा, रात्री चिंचेनं घासून लख्ख केलेला. पहिले तीस फोटो मला कॅमेऱ्यावर छान वाटले. घरी येऊन मोठे केले, तर ताशाच्या पोटावर एक पिवळा डाग. तो माझा टी-शर्ट होता. गोल, चकचकीत भांडं समोरचं सगळं दाखवतं: कॅमेरा, थर्माकोल, मागे वाळत घातलेली चादर. दुसऱ्या दिवशी परत गेले ती काळा कुर्ता घालून, चादर उतरवून, आणि ताशा किंचित डावीकडे वळवून, म्हणजे त्यात ओसरीचा अंधार आणि चौकाची एकच उजळ रेघ येईल असा. ती रेघ हवीच, ती नसेल तर तांबं मातीसारखं दिसतं. पितळी झांजा, सनईचा फुला, गिटारचं पॉलिश, सगळ्यांना हेच लागू आहे. आधी वाद्यात काय दिसतंय ते बघा, मग चेहऱ्याकडे वळा.

कॅमेऱ्याची मापं थोडक्यात सांगते. ५० मिलिमीटरची लेन्स होती. छिद्र अगदी उघडं ठेवलं नाही, एफ ४ वर ठेवलं, कारण डोळे आणि काड्या दोन्ही स्पष्ट हव्या होत्या. स्थिर फोटोंना शटर १/२५० सेकंद. काड्यांची हालचाल पुसट दिसावी म्हणून काही फोटो १/३० वर, कॅमेरा स्टुलावर टेकवून. मोबाइल असेल तर पोर्ट्रेट मोड बंद करा; तो मागचं धूसर करताना काड्यांची टोकं आणि मोकळे केस खाऊन टाकतो.

ताई पहिल्यांदा शाळेच्या ओळखपत्राला उभी राहिल्यासारखी उभी होती. "हस गं थोडं," म्हटलं तर ओठ ताणले, बाकी चेहरा तसाच. मग म्हटलं, "ताई, तू वाजव. मी काही सांगत नाही." तिनं तर्री घेतली. बंद चौकात तो आवाज भिंतींवरून परत येतो, वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. दीड-दोन मिनिटांनी ती थांबली, खांदे खाली आले, काड्या अजून ताशावर टेकलेल्या, आणि तिनं वर बघितलं. तोच फोटो मुखपृष्ठावर आहे. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, वाजवणाऱ्याला वाजवू द्या आणि थांबल्यानंतरच्या दोन सेकंदांसाठी बोट बटणावर ठेवा.

त्या फोटोत तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पांढरी चिकटपट्टी आहे, कडा मळलेल्या. सरावानं फोड येतात म्हणून लावलेली. मी विचारलं, काढायची का? ती म्हणाली, "ती काढलीस तर दुसऱ्या कुणाचे हात वाटतील." नंतर संगणकावर गाल थोडे उजळले, पण बोटांना हात लावला नाही, आणि मुख्य मथळा त्यावरूनच आला: 'बोटं सोलतात, ताशा थांबत नाही'. मथळे असे समोरच्या फोटोतून निघतात. 'संगीतविश्वातील नव्या वाटा' असला मथळा कुठल्याही अंकावर चालतो, म्हणून तो टाळा.

मांडणीत दोन फॉन्ट पुरेत. चार मथळे, त्यातला एकच मोठा. रंग फोटोतून उचला. मी तांब्याचा नारिंगी आणि ओसरीचा काळपट तपकिरी घेतला. आता एक चूक सांगते, जी आमच्या वर्गात निम्म्यांनी केली आणि त्यात मीही होते. इंग्रजी मासिकांत अक्षरं लांब लांब ठेवून छान दिसतात म्हणून आम्ही मराठी मथळ्यातही अक्षरांमधलं अंतर वाढवलं. देवनागरीत त्यानं शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शब्द मोठा करायचा तर टाइप मोठा करा, अंतर शून्यच ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला लागतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडा. इंकस्केपला ही अडचण येत नाही.

बारकोड खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या पट्टीवर, साधारण ३७ बाय २६ मिलिमीटर. नियतकालिकांचा बारकोड ९७७ आकड्यानं सुरू होतो. दुसऱ्या अंकाचा खरा बारकोड उचलू नका, रेघा स्वतः काढा. महिना, अंक आणि किंमत नावाच्या पट्टीजवळ, बारीक.

छपाईला जायच्या आधी सगळी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टची न राहता नुसत्या आकारांची करा. मी एका ठिकाणी तशीच फाइल नेली, त्यांच्याकडे माझा फॉन्ट नव्हता, आणि पहिल्या प्रतीत मथळ्याच्या जोडाक्षरांचे पाय मोडलेले आले. पैसे गेले ते गेले, जमा करायची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. कर्व्ह केलेली पीडीएफ न्या आणि मूळ फाइल वेगळी जपा, कारण कर्व्ह झाल्यावर शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही. रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, बदलून घरीच बघा. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर मंद होतो, माझा तांब्याचा रंग त्यामुळे दोनदा बदलावा लागला. १३ बाय १९ इंचाच्या कागदावर ब्लीडसकट दोन प्रती बसतात. १७० जीएसएमचा (चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर हातात मासिकासारखा लागतो. लॅमिनेशन मॅट घ्या, ग्लॉसवर तोंडी परीक्षेच्या खोलीतली ट्यूबलाइट चमकते आणि परीक्षक कागद तिरका करत बसतात.

जमा करण्याआधी एकदा प्रत घेऊन पेपरच्या स्टॉलवर जा. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टॉलवाल्या काकांनी माझं कव्हर इतर अंकांच्या मध्ये चिमट्यानं लटकवू दिलं. दहा पावलं मागे जाऊन बघितलं. नाव वाचता आलं, ताईचे डोळे दिसले, पण पलुस्करांवरचा मथळा शेजारच्या अंकाखाली गेला होता. घरी येऊन तो वर सरकवला आणि शेवटची छपाई केली.

कागदावर दोन प्रती बसतातच, तर दुसरी फोटोतल्या माणसाला द्या. ताईची प्रत तिच्या घरी त्याच खिळ्याला आहे, जिथे सराव नसताना ताशाचा पट्टा अडकवलेला असतो.